जिनोआतल्या दाराबाहेरचे बूट

माझ्या कादंबरीतला खून इटलीतल्या जिनोआ शहरात होतो, आणि तो खरा वाटतो की नाही हे विचारायला मी अमेरिकेतल्या बोफर्ट नावाच्या गावी जाऊन आले. हे आमच्या भजनी मंडळात सांगितलं तेव्हा दोघींनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यांचं चुकलं नाही. नागपूरला कोर्टात मी एकतीस वर्षं लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचे, वकील ओरडायचे, मी खाली मान घालून लिहायचे. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून पोलिसी रहस्यकथा लिहायला घेतली. खून नागपुरात दाखवला असता तर ओळखीच्या प्रत्येक वकिलानं फोन करून विचारलं असतं, ‘तो टकला म्हणजे मीच ना?’ त्यापेक्षा जिनोआ बरं. समुद्राला चिकटून डोंगरावर चढलेलं शहर, आणि तिथं मला काळं कुत्रंसुद्धा ओळखत नाही. दोन वर्षं मी संगणकाच्या नकाशावर तिथल्या बोळांतून फिरले. इन्स्पेक्टर गारेल्लो नावाचा एक पोटदुखीनं त्रासलेला, सज्जन पोलीस तयार केला.

रहस्य सगळं एका जोडीवर उभं आहे. तिसऱ्या मजल्यावर जिचा खून होतो त्या म्हाताऱ्या सिन्योराच्या, म्हणजे बाईच्या, दाराबाहेर सकाळी दहा वाजता तपकिरी बूट काढून ठेवलेले असतात. शेजारीण जिना उतरताना ते बघते आणि इन्स्पेक्टरला सांगते. ‘मी तर मिलानला होतो’ म्हणणारा तिचा पुतण्या तिथंच अडकतो. प्रकाशकांना बूट जरा साधे वाटले होते. त्यांनी दारात वाळत घातलेली छत्री सुचवली. मी म्हणाले, पुस्तक नको असेल तर तसं सांगा, बूट जाणार नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर मी इतकी का तापले ते त्यांना कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. शेवटी बूट राहिले. सोमवारी पानं छपाईला जाणार होती आणि माझा शेवटचा होकार तेवढा बाकी होता.

ऑक्टोबरात मी माझ्या भाचीकडे, मुग्धाकडे, अमेरिकेत मॉरिसव्हिलला होते. तिच्या ऑफिसचं काम बोफर्टच्या घरून करणाऱ्या पाओला नावाच्या मैत्रिणीचे वडील जिनोआच्या पोलिसात इन्स्पेक्टर होते असं निघालं, आणि मुग्धा उडालीच. ‘मावशी, खरा जिनोआचा पोलीस! आपण वीकेंडला ड्राइव्ह करू. मी त्यांना समरी पाठवते.’ तिनं खरोखर वीस पानांचा इंग्रजी सारांश करून पाठवला. बुटांचं प्रकरण तर शब्दन् शब्द उतरवलं. मला खरं म्हणजे तपासणी नको होती, शाबासकी हवी होती. पुस्तकाच्या पाठीवर खऱ्या पोलिसाची दोन वाक्यं कशी शोभतील याची जुळवाजुळव मी मनात करून ठेवली होती.

मॉरिसव्हिल, शुक्रवार

मॉरिसव्हिलची घरं इतकी एकासारखी एक की पहिल्या आठवड्यात मी फिरून येताना शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावत बसले होते. शुक्रवारी संध्याकाळी मुग्धानं घरी माझ्या कादंबरीचं वाचन ठेवलं. पुण्याचे, मुंबईचे, दोन आपले नागपूरचे, असे पंचवीसेक जण जमले. कुणी साबुदाणावडे आणले, कुणी पावभाजी, कुणी नुसतीच माफी. दारातून आत आल्याबरोबर जी मोकळी जागा असते तिथं बुटाचपलांचा ढीग झाला. नंतर येणाऱ्यांना तो ओलांडायला भिंतीचा आधार घ्यावा लागत होता.

वाचन रंगलं. नंतर प्रश्न. एका तरुणानं विचारलं, ‘काकू, तुमचा इन्स्पेक्टर सीसीटीव्ही फुटेज का चेक करत नाही, यार?’ मी म्हणाले, त्या बोळात कॅमेरा बसवायला जागा नाही. एकीला पुतण्याचा राग आला होता, एकाला बंदुकीच्या परवान्याची शंका होती. बुटांबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. ‘काय क्लू आहे! समोर असतो आणि दिसत नाही.’ पंचवीस शिकलेली, जगभर फिरलेली माणसं. त्यांतले तिघे तर इटलीला जाऊन आलेले. त्यांनी सगळ्यांनी बूट मान्य केले आणि वडे संपवले.

जाताना घोटाळा झाला. कुणीतरी माझ्या चपला घालून गेलं आणि माझ्या वाट्याला एक नंबर मोठ्या, सोनेरी पट्ट्यांच्या चपला उरल्या. मुग्धानं ग्रुपवर फोटो टाकला, उत्तर कुणाचंच आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच फटफटवत मी प्रवासाला निघाले.

सत्तर नंबरच्या रस्त्यानं, शनिवार

मॉरिसव्हिलहून बोफर्ट पावणेतीन तासांवर. शहर सुटलं की दोन्ही बाजूंना पाईनची झाडं सुरू होतात. मध्येच ती थांबतात आणि काढणी झालेली तंबाखूची शेतं, कापूस, पांढरी चर्च, पुन्हा पाईन. कापूस बघून मला बरं वाटलं. आपल्याकडच्यासारखाच फुटला होता, फक्त वेचायला माणूस एकही दिसत नव्हतं. एक अवाढव्य यंत्र धूळ उडवत सगळं रान चाटून पुसून नेत होतं.

किन्स्टनच्या अलीकडे एका टपरीवर हातानं लिहिलेली पाटी होती. मुग्धानं गाडी थांबवली. मोठ्या पातेल्यात उकडलेल्या शेंगा! मीठ घालून, सालासकट, अगदी आपल्यासारख्या. विकणाऱ्या बाईंनी मला आधी खायच्या कशा ते दाखवायला सुरुवात केली. मी एक शेंग दातानं फोडली, आतलं खारं पाणी ओढून घेतलं आणि साल त्यांच्या डब्यात टाकलं. बाईंनी माझ्याकडे बघून कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, ‘तुम्ही कुठल्या गावच्या गं?’ इंग्रजीत ‘गं’ नसतं, पण त्यांच्या सुरात होतं. जेवणाच्या ठिकाणी सगळं डुकराच्या मांसाचं निघालं, तेव्हा मी मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे आणि साखरेत चहा बुडवल्यागत गोड थंड चहा यांवर भागवलं.

बोफर्ट

बोफर्ट म्हणजे धक्क्याला लावलेल्या होड्या, लाकडी घरं, घरांना पुढं ओसरी आणि ओसरीत झुलत्या खुर्च्या. समोर खाडी आणि पलीकडे बेट. त्या बेटावर रानटी घोडे राहतात असं पाओलानं सांगितलं, पण त्या दुपारी एकही दिसला नाही.

पाओलाचे वडील रेनातो, वय अठ्ठ्याहत्तर. बायको गेल्यावर लेकीकडे आलेले. इथं समुद्राला वास येतो म्हणून राहिलो, म्हणाले. उंच, वाकलेले, हातात खलबत्ता. आम्ही ओसरीवर पोचलो, मी आणि मुग्धानं सवयीनं चपला काढल्या, आणि दार उघडलं. रेनातोंनी आधी आमच्याकडे नाही, चपलांकडे पाहिलं. पाओला म्हणत होती, राहू द्या, घालूनच या. त्यांनी तिला हातानं गप्प केलं.

‘त्या सोनेरी तुमच्या नाहीत,’ ते मला म्हणाले. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द ठेवत.

मी चाटच पडले. ‘कसं ओळखलंत?’

‘तुमच्या पायापेक्षा त्या बोटभर लांब आहेत. आणि जी बाई बाकी सगळं राखाडी घालते ती सोनं पायात घालत नाही.’

मी खूष झाले. असा माणूस पाठीवर दोन वाक्यं लिहिणार होता!

जेवण त्यांनीच केलं होतं. तुळशीच्या जातीचा त्यांचा पाला, लसूण, चीज आणि एक बी दगडी खलात वाटून हिरवी चटणी केली होती, ती बटाटा, फरसबी आणि शेवयांसारख्या पास्त्यात कालवलेली. मी म्हणाले, आमच्याकडे यात मिरच्या घालून ठेचा करतात. ते म्हणाले, मग त्यात पाल्याचं काय उरतं? दुसरा पदार्थ आला आणि मी हसायलाच लागले. फारिनाता म्हणाले ते त्याला. डाळीच्या पिठाचं चक्क धिरडं! दोन वर्षं मी जिनोआत फिरले आणि इन्स्पेक्टर गारेल्लोला एकदाही धिरडं खाऊ घातलं नाही, याची लाज वाटली.

कॉफीबरोबर कागद बाहेर आले. समासात शिसपेन्सिलीच्या खुणा. आधी गंमत चालली. माझा गारेल्लो खुनाच्या जागी मोहल्ल्यातले दोन प्रतिष्ठित लोक बोलावतो आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घेतो. यावर रेनातोंना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं. ‘जिनोआतले दुकानदार? सही करायला? पोलीस दिसला की ते शटर ओढतात!’ जेवणानंतर गारेल्लो दूध घातलेली कॉफी पितो, तिथं त्यांनी नुसती फुली मारली होती. मी सगळं खुशीनं लिहून घेत होते. हे सोमवारच्या आत बदलता येण्यासारखं होतं.

मग ते म्हणाले, ‘आता बूट.’

मी सावरून बसले.

‘सिन्योरा, जिनोआत दाराबाहेर कुणी बूट काढत नाही. पाहुणा नाही, पुतण्या नाही, पोप आला तरी नाही. बूट घालून आत जातात, बूट घालून बसतात. चोर आणि खुनी तर घालूनच जातात, कारण पळायचं असतं.’

मुग्धाच्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं. मला आधी काही कळलंच नाही. मग मॉरिसव्हिलचा ढीग डोळ्यांसमोर आला. पंचवीस जण ऐकत होते, त्या सगळ्यांचे पाय अनवाणी होते. प्रकाशकांच्या ऑफिसातसुद्धा चपला बाहेरच काढतात. आमच्यापैकी कुणाला शंका येणार कुठून? सगळं पुस्तक खाली बसलं होतं आणि मी त्याच्या शेजारी बसून थंड कॉफी ढवळत होते.

‘छत्री करू या, मावशी,’ मुग्धा हळूच म्हणाली.

‘बूट जाणार नाहीत,’ मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

रेनातो माझ्याकडे बघत राहिले. हसणं गेलं होतं. ‘यात जिनोआचे रस्ते बरोबर आहेत,’ ते म्हणाले, ‘पायऱ्या बरोबर आहेत. पण हे सगळं नकाशावरून आलंय, तिथं कुणी उभं राहिलेलं नाही. एकाच पानावर कुणीतरी खरोखर उभं आहे. हा जिना. डाव्या बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली. उजवा बूट कलंडून डाव्यावर पडलेला. आणि ही शेजारीण स्कर्टची खालची कड उचलते आणि बुटांना लागू न देता बाजूनं जाते. जिनोआत कोणत्या बाईचा स्कर्ट इतका लांब असतो?’

मी कप खाली ठेवला.

‘तो स्कर्ट नाही. हे तुम्ही अंगावर घालता ते आहे. ती शेजारीण तुम्ही आहात. पुस्तकातली बाई त्याच दिवशी पोलिसांकडे जाते. तुम्ही गेला होतात?’

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जबान्या लिहिल्या. मला असा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

‘नाही,’ मी म्हणाले.

मग सांगितलं. मुग्धालाही ते ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या देवकीकाकू चार दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हा त्यांच्या कपाटातून सोन्याच्या बांगड्या गेल्या. घराची किल्ली घरकाम करणाऱ्या लीलाकडे होती. पोलिसांनी तिला दोन दिवस चौकीत बसवलं. बांगड्या मिळाल्या नाहीत, गुन्हाही लागला नाही, पण इमारतीतली तिची सगळी कामं गेली. ज्या सकाळी बांगड्या गेल्या त्या सकाळी मी गच्चीवरून कपडे वाळत घालून उतरत होते. काकूंच्या बंद दाराबाहेर त्यांच्या पुतण्याचे तपकिरी बूट होते. तो वकील, रोज कोर्टात समोर यायचा, म्हणून ती गाठ मारलेली नाडी मला चांगली माहीत. तो सगळ्यांना सांगत होता, मी त्या आठवड्यात मुंबईला होतो.

मी गप्प बसले. साक्षीदाराचे काय हाल होतात ते रोज माझ्याच हातून कागदावर उतरत होतं. शिवाय त्याचं तोंड रोज बघायचं होतं. नसती भानगड कशाला, म्हटलं. पुढं काकू गेल्या, पुतण्यानं घर विकलं, गोष्ट मिटली. मिटली म्हणजे माझ्यापुरती.

मला वाटलं होतं रेनातो काहीतरी पोक्त बोलतील. त्यांनी उठून माझ्या बशीत आणखी एक धिरड्याचा तुकडा ठेवला आणि विचारलं, ‘ती बाई जिवंत आहे?’

‘आहे. दिवाळीच्या चकल्या दर वर्षी मी तिच्याकडूनच करून घेते.’

‘मग पुस्तक माझ्याकडे का घेऊन आलात?’

मला त्यांचा रागच आला. इतक्या लांब येऊन, परक्याच्या घरात, भाचीसमोर असं उघडं पडायला कुणाला आवडेल! रात्री मुक्कामाच्या खोलीत मी मुग्धाशी धड बोललेसुद्धा नाही.

रविवार, सकाळ

आम्ही धक्क्याजवळच राहिलो होतो. आठच्या सुमाराला मी एकटीच पाण्याकाठी गेले. पलीकडच्या बेटावर सहा घोडे चरत होते, गुडघाभर पाण्यात उभे राहून. कुणाच्या मालकीचे नाहीत म्हणे. एक शिंगरू सारखं आईच्या पोटाखाली शिरत होतं. काल दुपारी मी त्यांच्यासाठी तासभर उभी राहिले होते. आज ते समोर होते आणि माझं लक्ष हातातल्या फोनकडे होतं.

नागपूरला संध्याकाळचे साडेपाच. आधी प्रकाशकांना लावला. ‘उद्या छपाई थांबवा,’ मी म्हणाले.

‘छत्री टाकताय ना?’ त्यांचा जीव भांड्यात पडला.

‘बूट राहतील. जिनोआ काढतेय.’

त्यांना बोलायला वेळ न देता फोन ठेवला. माझ्या फोनमध्ये एक नाव ‘लीला चकली’ असं आहे. ते दाबायला त्याहून जास्त वेळ लागला.

‘बोला बाई,’ लीला म्हणाली. मागं कढईत काहीतरी चर्र वाजत होतं. ‘अमेरिकेतून फोन? चकल्या किती करू यंदा?’

‘चकल्यांचं नाही गं. लीला, देवकीकाकूंच्या बांगड्या गेल्या ना, त्या सकाळी त्यांच्या दाराबाहेर पुतण्याचे बूट होते. मी पाहिले होते. मी कुणाला सांगितलं नाही.’

गॅस बंद केल्याचा आवाज आला.

‘मले मालूम हाये,’ ती म्हणाली.

‘काय मालूम आहे?’

‘मी खालच्या जिन्यावर होती ना, बादली घेऊन. तुमी निऱ्या उचलून जोड्याच्या बाजूनं उतरल्या. मी पाह्यलं तुमाले.’

‘मग पोलिसांना का नाही सांगितलंस?’

‘सांगतलं ना जोड्याचं. ते म्हणे, अजून कोनं पाह्यले? मी म्हटलं, कोनी नाही. तुमचं नाव मी कशी घेऊ, बाई? तुमी कोर्टातल्या. तुमी सोताहून आल्या असत्या त गोष्ट येगळी होती. मले वाटे, आज येतीन, उद्या येतीन. मंग वाटणं सोडून देल्लं.’

मी रडले. तिथं धक्क्यावर, भर सकाळी, कुत्री फिरवणाऱ्या लोकांसमोर. चौदा दिवाळ्या ती माझ्या दारात चकल्यांचा डबा घेऊन आली होती, आणि चौदा वेळा मी तिला चहा पाजून मनाला बरं वाटून घेतलं होतं.

‘मी यावर पुस्तक लिहिलंय,’ मी कसंबसं म्हणाले. ‘त्यात शेजारीण सगळं खरं सांगते.’

‘मायं! खरं? कुठची हाये गोष्ट?’

‘इटलीतली.’

‘हे कुठं आलं?’

‘लांब. समुद्रापलीकडे.’

‘मंग आपल्या बिल्डिंगीतल्या लोकाइले कसं समजन?’ लीलानं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरची अडचण होती. ‘पुस्तक राहू द्या बाई. तुमी सोसायटीच्या मिटिंगमंदी सांगा. तुमच्या तोंडानं. मी येईन आयकाले.’

परत येऊन मला नऊ दिवस झाले. रेनातोंना मी पत्र लिहिलं आणि धिरड्यात ओवा घालून पाहायला सांगितलं. सोसायटीची मीटिंग या रविवारी आहे. विषय तीन: पाण्याच्या टाकीची गळती, लिफ्टचं कंत्राट, आणि तिसऱ्या ठिकाणी मी सेक्रेटरींना माझं नाव घालायला लावलं. लीलासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा असंही सांगितलं. सेक्रेटरी पेन थांबवून म्हणाले, ‘ताई, विषय काय लिहू? पुस्तक प्रकाशन?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘साक्ष लिहा.’